'ज्ञान पाजळू नका' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमच्या पाच ओळींतल्या दोन ओळी माझी लायकी काढण्यातच गेल्यात. "अर्धवट माहितीवर ज्ञान पाजळू नका" हे लिहिण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचला होता का, एवढंच विचारतो. रोपांतल्या एंझाइमांची क्रिया उजेडाने वाढते किंवा रोखली जाते, असं त्या लेखात म्हटलं होतं. मतभेदाला माझी ना नाही, पण काही रीत असते.

आता तुमचं ते वाक्य: "अमायलेझ अंधारातही तयार होतं, मग उजेडाचा संबंध काय?" अमायलेझचं, म्हणजे स्टार्च फोडणाऱ्या एंझाइमचं, खरं आहे. बार्लीचा दाणा काळोखातही रुजतो. गर्भातून जिबरेलिन हे संप्रेरक येतं, दाण्यातल्या साठ्याभोवतीचा ॲल्युरॉनचा थर अमायलेझ सोडतो, स्टार्चची साखर होते. एमएस्सीला असताना गर्भ कापून टाकलेले अर्धे दाणे जिबरेलिन घातलेल्या स्टार्च-अगारवर (स्टार्च मिसळलेल्या जेलीच्या थाळीवर) ठेवायचो आणि वर आयोडीन ओतायचो. सगळी थाळी निळीकाळी व्हायची, दाण्याभोवती मात्र स्वच्छ कडं राहायचं, कारण तिथला स्टार्च अमायलेझने फोडलेला असायचा. ती कडी पट्टीने मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत. तेव्हा अमायलेझ तरी मला शिकवू नका.

पण एका एंझाइमवरून सगळ्यांचा निकाल लावायचा? अंधारात वाढलेली मोहरी कधी पाहिलीत? देठ लांबुडका, शेंडा आकड्यासारखा वाकलेला, पानं पिवळी. ती पिवळी राहतात कारण हरितद्रव्य बनवण्याच्या साखळीतलं एंझाइम, प्रोटोक्लोरोफिलाइड रिडक्टेज, अडून बसलेलं असतं. एंझाइम हजर, त्याचा कच्चा माल हजर, पण सपुष्प वनस्पतींत ही क्रिया प्रकाश पडल्याशिवाय होतच नाही. यापेक्षा थेट संबंध कोणता हवा?

मोहरीच्याच रोपात फेनिलॲलनिन अमोनिया लायेज हे एंझाइम उजेडात वाढतं, फायटोक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या रंगद्रव्यामार्फत. लिपॉक्सिजनेज या दुसऱ्या एंझाइमची वाढ मात्र उजेडात थांबते. म्हणूनच मी "वाढते किंवा रोखली जाते" असं लिहिलं होतं. त्यातलं "किंवा रोखली जाते" तुम्ही सोयीस्कर गाळलंत. आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. लेट्यूसच्या बिया लाल प्रकाशात रुजतात आणि लगेच फार-रेड (लालच्या पलीकडचा प्रकाश) दिला की अडतात, हे १९५२ सालीच छापून आलंय. तेही या फायटोक्रोमचंच काम.

शीर्षकात 'काही एंझाइम' म्हणायला हवं होतं, एवढं मान्य. बदल केलाय.

तापमान आणि कंट्रोलबद्दल (तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांबद्दल) तुम्ही जे काही काढलंय, त्यात मी शिरत नाही. तो या लेखाचा विषय नव्हता. पुढे प्रश्न असेल तर जरूर विचारा. 'पाजळू' असलेली प्रतिक्रिया मात्र यापुढे मंजूर होणार नाही.