काका, फ्लॅश बंद करा ना

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा राग अजून उतरला नाहीये म्हणून लिहून टाकतो. पूजा उरकून नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर फटाक्यांचे फोटो काढायला ट्रायपॉड लावला, समोर पांडवलेणीचा डोंगर काळाकुट्ट, वारा पाठीवर म्हणजे धूर पलीकडे जाणार, अजून काय पाहिजे. आयएसओ 100, एफ 11, बल्ब मोड, म्हणजे आपण बंद करेपर्यंत शटर उघडंच, हातात रिमोट. रॉकेट सुंईऽऽ करत निघालं की शटर उघडायचं, ठिणग्या विझत आल्या की बंद. चार-पाच सेकंद कुणी मध्ये यायचं नाही, बस.

तिसऱ्या मजल्यावरचे काका आले.

"फोटो काढतोय का रे?"

"हो काका."

"मग क्लिक वाजत का नाही?"

"शटर उघडं आहे, काका."

"उघडं? अरे मग लाव ना, धूळ जाईल आत!"

मग मेगापिक्सल. 24 म्हटल्यावर त्यांना माझी दया आली, कारण जावयाचा मोबाईल 200 चा आहे. ट्रायपॉडला चहाच्या टपरीसारखं टेकून उभे राहिले आणि स्वतःचा मोबाईल काढून आकाशावर फ्लॅश मारायला लागले. आकाशावर! म्हटलं काका, तो उजेड आपल्या पाण्याच्या टाकीपर्यंत पण पोचत नाही. तर म्हणे, "असू दे, थोडा उजेड असला की क्लिअर येतो." जी वस्तू स्वतः जळतेय तिच्यावर उजेड टाकणारा हा माणूस रिटायर्ड इंजिनिअर आहे.

आणि तेवढ्यात निळा फुटला. आता निळा म्हणजे काय ते सांगतो, लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, हे दोन कुठल्याही तीस शॉटच्या डब्यात मिळतात, पण निळा तांब्याचा, आणि ज्योत जरा जास्त तापली की तो रंग देणारं संयुगच मोडतं, म्हणून चांगला गडद निळा क्वचित दिसतो. तो दिसला, माझं शटर उघडं, आणि काकांनी बॅटरी लावून लेन्समध्ये वाकून बघितलं. "लाल दिवा लागलाय रे आत."

फोटोत निळं काही नाही. एक पांढरा फराटा आहे आणि अर्धा चष्मा.

सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री 8 ते 10 ची वेळ घालून दिली, ती आमच्याकडे कोण पाळतं हे सोडा, पण मोठे शॉट त्याच सुमाराला उडतात. आणि नेमके त्याच वेळात काका म्हणाले, "कॅमेरा आणलायसच तर आमचा फॅमिली फोटो काढ." काकू आल्या, जाऊबाई आल्या, मग चौथा मजला, मग ज्यांच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे ते पण नवीन कुर्ता घालून रांगेत. नाही म्हणायची सोय नसते, सण आहे. कॅमेरा माझा, कार्ड माझं, पाठ माझी, आणि वर "केस विस्कटलेत, परत काढ".

सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मोबाईलवाला फोटो पडला, पूर्ण काळा, कोपऱ्यात टाकी. त्याला अंगठ्यांचा पाऊस. माझ्या फटाक्यांना सेक्रेटरींनी हात जोडले आणि खाली मेंटेनन्सची आठवण टाकली.

आज सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. "फोटो मस्त आलाय रे आमचा. फक्त मागे ते रंगीत पट्टे-पट्टे आलेत ना, तेवढे एडिट करून काढून टाक."