नऊ मीटरची वाट

आमच्या वडिलोपार्जित वाड्याच्या जागी चार मजल्यांची, आठ सदनिकांची इमारत उभी राहिली आणि मी व माझे दोन बंधू ‘विकासक’ झालो. हा शब्द महानगरपालिकेच्या कागदांतला आहे. नातेवाईक आम्हाला बिल्डर म्हणतात, आणि तेही डोळे बारीक करून. इमारतीला रंग लागला, लिफ्ट वरखाली होऊ लागली, उरले फक्त भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याचा महापालिकेचा दाखला. त्याच्या आड उभे होते आमच्या फाटकापासून रस्त्यातील मैलावाहिनीपर्यंतचे नऊ मीटर अंतर. ते अंतर मी डझनभर पावलांत कापतो. आमच्या सांडपाण्याला त्यासाठी नऊ महिने लागले.

जुन्या वाड्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता. परसात सेप्टिक टाकी होती आणि तिच्याविषयी घरात बोलायचे नाही, असा आजोबांचा दंडक होता. आता मात्र ज्या विषयावर तीन पिढ्या मौन पाळले, त्याचा तपशील तीन प्रतींत द्यायचा होता. अर्जातील एक रकाना ‘दररोज निर्माण होणारे सांडपाणी’ असा होता. आमच्या परवानाधारक प्लंबरने (अर्जावर त्याची सही लागतेच, मालकाची सही तिच्या शेजारी शोभेला असते) बोटांवर हिशेब केला. आठ सदनिका, प्रत्येकी पाच माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे ५,४०० लिटर पाणी, आणि त्यातले ऐंशी टक्के गटारात, म्हणजे ४,३२० लिटर. त्या वेळी इमारतीत प्रत्यक्ष राहत होता एकटा वॉचमन, आणि तो जोडणीअभावी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक शौचालयात जात असे.

अर्ज घेणाऱ्या बाईंनी नकाशावर पेन्सिल टेकवून विचारले, “हे पावसाळी गटार दाखवलंय, का मैल्याचं?”

“मॅडम, गटार ते गटार,” मी मोकळेपणाने म्हणालो.

या एका वाक्यापायी माझे तीन आठवडे गेले. गच्चीवरचे पाणी पावसाळी गटारात आणि न्हाणीघर-संडासाचे पाणी मैलावाहिनीत जावे, दोन्हींची भेट होऊ नये, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीला मैलापाणी रस्त्यावर येते, हे मला सविस्तर समजावण्यात आले आणि दोन रंगांत नवा नकाशा काढायला लावण्यात आले. बाईंचे म्हणणे खरे होते, त्यामुळे मला रागही धड येईना.

पुढचा प्रवास वर्तुळाकार होता. मलनिःसारण विभाग म्हणाला, आधी रस्ता खोदाईची परवानगी आणा. पथ विभाग म्हणाला, आधी जोडणीची मंजुरी आणा. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर, समोरासमोर होते आणि मधल्या बाकावर मी होतो. बाकाच्या वर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा फलक होता. त्यावर सेवा, मुदत आणि अपिलीय अधिकारी असे सगळे नीट छापलेले होते, आणि तो इतक्यांदा वाचून मला पाठ झाला. अखेर कोंडी फुटली, तेव्हा रस्ता नुकताच डांबरी केलेला असून ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (रस्ता बिघडला तर त्यानेच दुरुस्त करायची मुदत) चालू असल्याचे निघाले. रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क भरले, वाहतूक पोलिसांची परवानगी मिळवली, आणि मे संपला. पावसाळ्यात खोदाई बंद असते. त्या वर्षी पावसाने जूनभर तोंड दाखवले नाही, तरी खोदाईचा पावसाळा मात्र वेळेवर सुरू झाला.

ऑक्टोबरात आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो, कारण मॅनहोल सापडत नव्हते. नकाशात आमच्या फाटकासमोर एक सुबक गोल होता. जमिनीवर होते केवळ डांबर. दरवेळी रस्त्यावर नवा थर चढला होता आणि कुठल्यातरी थराखाली झाकण दडले होते. कनिष्ठ अभियंत्यांनी टेप धरली, प्लंबरने दुसरे टोक धरले, समोरच्या डेअरीतील गिऱ्हाइकांनी सल्ले दिले. दोन ठिकाणी खणून खडी निघाली. शेवटी एका निवृत्त मुकादमांना बोलावणे गेले. ते सायकलवरून आले. त्यांनी नकाशाकडे पाहिलेच नाही, पिंपळाकडे पाहिले, डेअरीच्या पायरीकडे पाहिले, मग पहारीने रस्ता ठोकत ठोकत चालू लागले आणि एके जागी थांबून म्हणाले, “इथं बोलतंय बघा.” वीतभर खणल्यावर लोखंडी झाकण निघाले, नकाशापासून चार फूट बाजूला.

“साहेब, नकाशा हापिसात काढलाय,” त्यांनी अभियंत्यांची समजूत घातली, “लाईन आम्ही टाकली.”

झाकण उघडले आणि खरे दुःख दिसले. मॅनहोलमधील वाहिनीचा तळ रस्त्याच्या पातळीपासून ९५ सेंटिमीटर खाली होता, तर आमच्या शेवटच्या चेंबरचा १ मीटर १० सेंटिमीटर खाली. १५० मिलिमीटरच्या नळाला शंभरास एक उतार द्यायचा, म्हणजे नऊ मीटरला नऊ सेंटिमीटर; तेव्हा आमचा तळ एकूण २४ सेंटिमीटर वर उचलावा लागणार होता. पाणी माझ्या धाकट्या भावासारखे आहे. ते स्वतःहून चढ चढत नाही. त्यावर याच भावाने “छोटा पंप बसवू या का?” असे विचारले आणि अभियंत्यांनी त्याच्याकडे जे पाहिले, त्यानंतर तो साइटवर आला नाही. पार्किंगमधले नवेकोरे पेव्हर ब्लॉक उचकटून आतली सगळी लाईन पुन्हा टाकली. या खर्चाचा आकडा आईला अजून सांगितलेला नाही.

जोडणी झाली आणि चाचणीचा दिवस उगवला. नळाच्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान, गुळगुळीत चेंडू वरच्या टोकातून सोडायचा आणि तो घरंगळत खालच्या टोकाला बाहेर आला की नळात अडथळा नाही असे मानायचे, अशी ही रीत आहे. म्हणजे आम्हाला १३७ मिलिमीटरचा चेंडू हवा होता. बाजारात क्रिकेटचा होता, फुटबॉल होता; आमच्या मापाचा खेळ अजून निघालेला नाही. पूजेसाठी आणलेला नारळ प्लंबरने सुचवला, पण तो गुळगुळीत नसल्याचे अभियंत्यांनी निदर्शनास आणले. अखेर पुतणीचा लाल रबरी चेंडू मापाच्या जवळपास भरला आणि “लगेच परत देतो” या बोलीवर तो मिळाला.

पहिल्या चेंबरमध्ये चेंडू सोडला. आम्ही शेवटच्या चेंबरभोवती ओणवे होऊन थांबलो. गॅलरीतून आई म्हणाली, “अरे, बारसं आहे का कुणाचं?” तेवढ्यात चेंडू आला, क्षणभर दिसला आणि आम्ही हात घालायच्या आत पुढच्या नळात शिरला. रस्त्याकडचे तोंड बंद करायला सगळेच विसरले होते. मुकादम मॅनहोलकडे धावले, पण तोवर चेंडू शहराच्या मालकीचा झाला होता.

“उतार उत्तम आहे,” असे म्हणत अभियंत्यांनी दाखल्यावर सही केली. पुतणी हुंदके देत होती आणि चेंडू परत मिळावा म्हणून अर्ज कोणत्या विभागाकडे करायचा, हे मला विचारत होती. मी तेच अभियंत्यांना विचारले.

“अर्ज कसला करताय, साहेब?” ते आवाज खाली आणून म्हणाले. “तो पुढे कुठं अडकला, तर नोटीस तुमच्याच नावानं येणार आहे.”