पॉइंटर कोणाचा, ते एकदाचं सांगा ना बाप्पा!

काल रात्री जिनिंगच्या काट्यावर पावती निघाली: भरलेली गाडी ११६० किलो, रिकामी गाडी ११६० किलो, निव्वळ वजन ०. पिकअप काठोकाठ कापसानं भरून आलेली आणि निव्वळ वजन शून्य! मागं गाड्यांची रांग, आणि काटेवाला फोनवर बोंबलून राह्यला, "भाऊ, काय करून ठेवलं तुमच्या डब्ब्यानं? हा माणूस मले मारायले उठला ना!"

डब्बा, म्हणजे वजन घेऊन पावती छापणारा आमचा छोटा कॉम्प्युटर, चांगला आहे. त्यात पायथन चालते, आणि वजनाचा भाग सी भाषेत लिहिलेला आहे. उसना रेफरन्स मेला आहे. पायथन प्रत्येक वस्तूचे वापरणारे मोजते: इन्क्रेफ मोजणी वाढवते, डिक्रेफ कमी करते, शून्य झाली की वस्तू मेली. या मोजणीत न धरलेला पॉइंटर, म्हणजे वस्तूचा नुसता पत्ता, तो उसना.

आधी ज्या पोट्ट्याकडे हे काम होतं, त्यानं यादीतली वस्तू देणाऱ्या पायलिस्ट_गेटआयटमनं पहिलं वजन उचललं, इन्क्रेफ केलं नाही, आणि सरळ रिकामी गाडी मोजणारं फंक्शन बोलावलं. त्या फंक्शननं आत यादी साफ केली. पहिल्या वजनाचा इंट (पूर्णांक) तिथंच गेला, आणि नवीन वजनाचा इंट नेमका त्याच मोकळ्या जागेत येऊन बसला. दोन पॉइंटर, पत्ता एकच. वजाबाकी शून्य नाही येणार तर काय येणार? सेगफॉल्ट होऊन प्रोग्राम कोसळला असता तर मी हात जोडले असते. निदान काटा बंद पडला असता. हे तर शांतपणे खोटं वजन छापते, आणि तेही शेतकऱ्याच्या पावतीवर!

टेस्ट? सगळ्या पास. काहून? टेस्टमध्ये ५० आणि १०० किलो. उणे ५ ते २५६ पर्यंतचे इंट डब्ब्यातलं सीपायथन, म्हणजे नेहमीचं पायथन, मरूच देत नाही. २५६ किलोच्या आत कापसाची कोणती गाडी येते रे? भरलेली बैलबंडीही येत नाही!

मग पुण्याहून सल्ला, "व्हॅलग्राइंड लाव ना." लावलं. मेमरीच्या चुका पकडणारं ते साधन एक शब्द बोललं नाही. पायमॅलॉक, म्हणजे पायथनचा मेमरी वाटणारा, आपल्याच अरीनात (आधीच घेऊन ठेवलेल्या मोठ्या तुकड्यात) जागा फिरवत बसतो, व्हॅलग्राइंडले काय दिसणार? पायथनमॅलॉक=मॅलॉक हे सेटिंग देऊन त्याले बाजूला केलं तेव्हा कुठं बोललं. तोवर गावातली लाईन गेलेली, इन्व्हर्टर कुंईकुंई करून राह्यला, आणि डॉक्युमेंटेशन उघडायला गच्चीवर जाऊन रेंज शोधा. "रस्ट भाषेत लिही" म्हणणाऱ्यांनी आज माझ्यासमोर येऊ नये.

कारण डॉक्युमेंटेशनशिवाय गतीच नाही! सगळ्या फंक्शनांच्या तोंडावर तोच पायऑब्जेक्ट स्टार, म्हणजे पायथनच्या कोणत्याही वस्तूचा पॉइंटर. लिस्ट_गेटआयटम उसना देते, सीक्वेन्स_गेटआयटम नवा देते, तो डिक्रेफ तुम्हीच करायचा. लिस्ट_सेटआयटम तुमचा रेफरन्स चोरते, म्हणजे त्याची जबाबदारी स्वतःकडे घेते, डिक्ट_सेटआयटम चोरत नाही. मॉड्यूल_ॲडऑब्जेक्ट तर जमलं तरच चोरते, फसलं की तुमच्या गळ्यात! टाइप काही सांगत नाही, कंपायलर काही सांगत नाही. सगळं माणसानं पाठ करायचं, आणि रात्री दोन वाजताही आठवायचं. उसना न देता नवा रेफरन्स देणारं लिस्ट_गेटआयटमरेफ आलं कधी? पायथन ३.१३ मध्ये, २०२४ साली. आमच्या डब्ब्यात ३.९ आहे. घ्या!

याच फाईलमध्ये मागच्या हंगामात एक कमेंट सापडली होती: "इथे डिक्रेफ नको, क्रॅश होते." क्रॅश होते म्हणून डिक्रेफ खोडला! चूक शोधली नाही, खोडली. मग मेमरी फुगत फुगत डब्बा भर दुपारी आडवा. हे असले लोक एक इन्क्रेफ गाळतात आणि दुसरीकडचा डिक्रेफ काढून हिशोब जुळवतात. डोकं फिरते माझं.

आता इन्क्रेफ घातला, वाट बदलून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोटूआधी डिक्रेफ घातला, टेस्टमध्ये २४८० आणि ११६० टाकले. मग अख्ख्या फाईलवर ग्रेप मारून शोधलं, तर खाली सेल्फच्या (त्याच ऑब्जेक्टच्या) बफरवर आधी डिक्रेफ आणि पुढच्या ओळीत पॉइंटर नल, म्हणजे रिकामा! डिक्रेफमधून कोणाचंही डेल (वस्तू मरताना चालणारं फंक्शन) चालू शकते, ते परत याच बफरला हात लावू शकते. आधी नल आणि मग डिक्रेफ करणारा पाय_क्लिअर याच्यासाठीच ठेवला आहे ना रे! लिहायला किती अक्षरं जास्त लागली असती?