रेकॉर्ड रूम बिनखर्चात कसे चालवावे

तहसीलदार म्हणून नव्या तालुक्यात रुजू झालात, शाल-श्रीफळ झाले, वाळूच्या गाड्यांबद्दलचे पहिले फोनही येऊन गेले. आता कधीतरी कोणीतरी तुम्हाला कचेरीच्या मागच्या अंगाची ती खोली दाखवील. नाकाला रुमाल लावून आत डोकवा. आतही रुमालच आहेत, लाल खारव्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. फेरफार, कडईपत्रके, पाहणीपत्रके अशी जमिनीची कागदपत्रे आणि गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके. कागदावर या खोलीला अभिलेख कक्ष म्हणतात.

घाबरू नका. ही खोली चालवायला पैसा लागत नाही, माणूसही लागत नाही. लागतो तो संयम, आणि तोही खिडकीबाहेर उभ्या असलेल्यांनी आणायचा असतो.

आधी पैशाचे पाहू. या खोलीसाठी वेगळी तरतूद मागण्याची हुक्की येईल, ती आवरा. ‘13 - कार्यालयीन खर्च’ हे खर्चाचे शीर्ष आहे ना, त्यातून वीजबिल, टोनर, कागद आणि वरून आलेल्या साहेबांचे चहापाणी भागवून जे उरेल ते रेकॉर्ड रूमचे. काही उरत नाही, हा रेकॉर्ड रूमचा दोष. मात्र 31 मार्चला अचानक निधी उतरला तर लगेच चाकावर सरकणारी लोखंडी कपाटे घ्या. फीत कापा, फोटो काढा आणि कपाटांत कोरी स्टेशनरी ठेवा. गठ्ठे जमिनीवरच बरे. त्यांना सवय आहे.

आता माणसे. इथे नवख्यांचा दोन शब्दांत घोटाळा होतो. आकारबंद म्हणजे गावातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र आणि त्यावरचा आकार दाखवणारा कागद. आकृतिबंध म्हणजे कचेरीत किती माणसे असावीत याचा मंजूर आराखडा. पहिल्याची पाने वाळवी खाते, दुसऱ्यातली पदे वित्त विभाग. अभिलेखपालाची खुर्ची रिकामीच असेल. ती भरण्याच्या भानगडीत न पडता निवडणूक, टंचाई आणि संजय गांधी निराधार योजना सांभाळणाऱ्या भाऊसाहेबांना ‘अतिरिक्त कार्यभार’ द्या. पूर्णवेळ माणूस द्यायचाच झाला तर कुणाशी तरी वाजलेला द्या, किंवा निवृत्तीला आठ महिने उरलेला. धुळीच्या ॲलर्जीचे सर्टिफिकेट जोडणारा मिळाला तर सोन्याहून पिवळे.

त्या खोलीत एक शिपाईमामा असतात. कुठल्या गावचा कुठला गठ्ठा कुठल्या फडताळावर, कोणता पावसात भिजला, कोणता कोर्टात गेला तो परत आलाच नाही, हे सगळे त्यांच्या तोंडपाठ. सूची त्यांच्या डोक्यात आहे आणि डोके शासनाला फुकट मिळालेले आहे. ते कागदावर उतरवून घेण्याची घाई करू नका. साठी झाली की मामांना नारळ द्या, भाषण करा, डोळे पुसा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गठ्ठे सापडेनासे होतील, तेव्हा मामांच्या घरी फोन करा. येतात बिचारे.

मोडी वाचणाऱ्याचे पद तर स्वप्नातही मागू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, लोक हौसेने शिकतात, पण तहसीलच्या आकृतिबंधात त्या हौसेला जागा नाही. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ज्या खोलीकडे कुणी फिरकत नव्हते तिच्यापुढे मांडव घालायची वेळ आली. मोडी वाचणारा आणा, मराठवाड्यात उर्दू वाचणारा आणा, आजच आणा! अशी मोहीम पुन्हा आली तर पदे मागू नका, तक्ता पाठवा. किती नोंदी तपासल्या, किती सापडल्या. उलटता उलटता किती पानांचा भुगा झाला, त्याचा रकाना तक्त्यात नसतो. तुम्ही आपणहून काढू नका.

कायद्याचे भय वाटते? माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अभिलेख सूचीबद्ध हवेत, हे खरे. ठरलेल्या रीतीबाहेर अभिलेख नष्ट केला तर राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हेही खरे. पण तुम्ही कुठे काय नष्ट करता आहात? करते ती वाळवी. फक्त उत्तरात ‘हरवला’ हा शब्द कधी लिहू नका. हरवण्याला जबाबदार माणूस लागतो. ‘शोध घेतला असता आढळून येत नाही’ असे लिहा, आणि अर्जदाराला आवारातल्याच भूमी अभिलेखच्या इमारतीकडे धाडा. ते परत पाठवतील. मधल्या वेळात झाडाखालच्या टपरीचा धंदा होतो.

आणि हो, एखादा फेरफार नेमका विक्रीच्या तोंडावर दिसेनासा झाला, तर तो शेवटचा कुणी काढून नेला हे नोंदवहीत पाहायला जाऊ नका. काही कागद सापडण्यापेक्षा न सापडण्याला जास्त भाव असतो, हे तालुक्यात तुमच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.

एवढे पथ्य पाळलेत की तीन वर्षे सुखाने जातील. हा तीन वर्षांचा पदावधी ज्या 2005 च्या कायद्याने दिला, त्यातच ‘फाईल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये’ असेही आहे. पण आपल्याला मुखपाठ असतो तो बदल्यांचा भाग.

पुढे कधीतरी लेकीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी निघेल. इतर मागासवर्गासाठी 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद आली. तुम्ही आपल्या मूळ तालुक्याला जाल. खिडकीतले भाऊसाहेब ओळखतील, खुर्ची देतील, चहा सांगतील. मग स्वतः आत जाऊन येतील, नाकावरचा रुमाल सोडतील आणि अदबीने म्हणतील, “आढळून येत नाही, साहेब. नसल्याचा दाखला मात्र तुम्हाला आजच देतो.”