मंडपवाल्याचे नाव आहे, व्हायोलिनवादकाचे नाही

आज सकाळी पंचवटीत माझ्या व्हायोलिनच्या सरांकडे गेलो होतो, तेव्हा उद्याच्या मैफलीची पत्रिका टीपॉयवर पडलेली दिसली. वर ठळक अक्षरांत गायकाचे नाव, खाली तबला, संवादिनी म्हणजे पेटी, मग सूत्रसंचालन, ध्वनिव्यवस्था, मंडप, अशी सगळी नावे निगुतीने छापलेली होती. पण त्याच मैफलीत व्हायोलिनच्या साथीला बसणाऱ्या सरांचे नाव कुठेच नव्हते. मी पत्रिका तीनदा वाचली. सर गजाला राळ लावत होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "अरे, राहून गेले असेल."

राहून कसे जाते? मंडपवाल्याचे राहत नाही, माइकवाल्याचे राहत नाही, मग नेमके यांचेच कसे राहते?

मी बाराव्या वर्षी सरांकडे शिकायला लागलो, तेव्हा माझे लक्ष पहिल्यांदा गेले ते त्यांच्या उजव्या घोट्यावरच्या काळ्या घट्ट्याकडे. आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचे एक अंग खांद्याशी आणि खुंट्यांकडचे टोक उजव्या पायावर टेकवून वाजवतात. वर्षानुवर्षे लाकूड एकाच जागी टेकून पडलेला तो घट्टा होता. सातपूरच्या कारखान्यात सरांनी नोकरीभर पाळ्या केल्या. पहिली पाळी असली की रियाज रात्री, रात्रपाळी असली की दुपारी. मला त्यांनी आठ महिने फक्त मोकळ्या तारांवर गज ओढायला लावला आणि पुढे एकच मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे, जमेना, तेव्हा वाद्य खाली ठेवायला सांगून म्हणाले, "आधी गळ्यातून काढ, तारेतून आपोआप येईल." या वाद्याला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो, आणि पडदे नाहीत म्हणूनच गळ्यातली मींड त्यात सबंध उतरते.

कोणी म्हणेल, वाद्य मुळात परदेशी आहे. असेल, पण पेटीही तिकडूनच आली, आणि तिचे नाव पत्रिकेत आहे. व्हायोलिनवादक वि. गो. जोग लखनौला शिकवून पुढे कोलकात्यात स्थिरावले, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईसमोर बरोबरीच्या नात्याने वाजवत राहिले आणि 1983 साली पद्मभूषण झाले. गजाननबुवा जोशी गवई म्हणून जेवढे मोठे, तेवढेच व्हायोलिनवादक म्हणूनही. एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांची गायकी तारेवर उतरवली आणि बनारस हिंदू विद्यापीठात कित्येक पिढ्या घडवल्या. दा. के. दातारांच्या वादनात तर द. वि. पलुस्करांचे गाणे ऐकू येई, आणि त्या पलुस्करांचे वडील विष्णु दिगंबर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्याच नाशकात आश्रम काढला होता. ज्या गावात हे घडले, त्या गावात व्हायोलिनवाल्याचे नाव राहून जाते!

आयोजकांची ओढाताण होते, वर्गणी जमता जमत नाही आणि पत्रिका ऐन वेळी छापल्या जातात, हे मला मान्य आहे. मीही अशा समित्यांवर काम केले आहे. पण एका ओळीला कागद वेगळा लागत नाही.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा निवळला, कारण डोळ्यांसमोर पुन्हा तो घोटा आला. मागे काळारामाच्या दर्शनाला सरांबरोबर गेलो होतो. चपला काढल्यावर शेजारच्या एका गृहस्थांनी काळजीने विचारले, "पायाला काही लागले आहे का?" सर म्हणाले, "नाही हो, वाद्य टेकते तिथे." ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मी कुठल्याही शाल-श्रीफळाच्या सत्कारात पाहिलेले नाही. त्यांनी कधी काही मागितले नाही, आणि मला वाटते, त्यांच्या न मागण्याचाच आपण सगळ्यांनी फायदा घेतला. त्यात मीही आलो. एवढ्या वर्षांत त्यांच्यासाठी मी एकदाही आयोजकांना फोन केला नव्हता.

आज दुपारी केला. "पुढच्या वेळी नक्की," असे उत्तर मिळाले. सर आता सत्तरी ओलांडून बसले आहेत.

संध्याकाळी त्यांना हे सांगायला परत गेलो, तर दारातच थांबलो. आत तानपुरा लागला होता, आणि उद्याच्या गायकाची पट्टी कळल्यामुळे सर चारही तारा त्या सुरात नव्याने मिळवत होते. मी पायरीवर बसून राहिलो. फोनचे त्यांना अजून सांगितलेले नाही.