अजून पाहिलाच नाही?

सकाळी धरमपेठेत किंवा सीताबर्डीच्या एखाद्या गल्लीत तर्री-पोह्यांच्या ठेल्यापाशी उभे राहून, एका हातात प्लेट सांभाळत आणि दुसऱ्या हाताने नाक पुसत, ज्याने आयुष्यात एकदाही कुणाला चित्रपट सुचवला नाही असा नागपूरकर अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. मात्र ही कला आपल्याकडे फार ढिसाळपणे वापरली जाते, आणि त्यापायी कित्येक भल्या माणसांनी निव्वळ अजाणतेपणी समोरच्याला खरोखरच एक चांगला चित्रपट दाखवून टाकलेला आहे. असा अनर्थ आपल्या हातून घडू नये म्हणून अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो.

सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की समोरच्याला काय आवडते, त्याच्यापाशी वेळ किती आहे आणि घरात कोण कोण सोबत बसणार आहे, यांपैकी एकही प्रश्न विचारायचा नसतो. आमच्या प्रतापनगरच्या मावशीला ही खोड आहे. तिला चित्रपट विचारला की ती आधी, "तुझे बाबा सोबत बसणार आहेत का? मग हा नको पाहू, दुसरा सांगते," असे म्हणते, मग एकच नाव सांगते आणि वर, "शेवटी थोडं रडू येते, पण चांगलं वाटते," एवढेच बोलून कणीक मळायला निघून जाते. लोक तो चित्रपट पाहतात, त्यांना तो आवडतो, आणि दुसऱ्या दिवशी तिला फोन करून तसे सांगतातही. परिणाम काय झाला? गेल्या चाळीस वर्षांत आमच्या संपूर्ण नातेगोत्यात मावशीला चित्रपटातले काही कळते असे कुणी म्हटलेले नाही.

आपल्याला हे नको असेल, तर सुरुवात नावाने न करता धक्क्याने करावी. "काऊन बे, अजून पाहिलाच नाही तू?" हे वाक्य भुवया उंचावून आणि पोह्यांचा चमचा तोंडापर्यंत नेता नेता मध्येच थांबवून उच्चारावे. वडीलधारे असतील तर ‘बे’ गाळून त्या जागी ‘काका’ घालावे, भुवया मात्र तेवढ्याच उंच ठेवाव्यात. या एका वाक्याने समोरचा माणूस, जो घटकाभरापूर्वी बँकेत अधिकारी होता, दोन मुलांचा बाप होता आणि ज्याचे गृहकर्ज फिटत आलेले होते, तो एकाएकी शाळेत गृहपाठ विसरून आलेला मुलगा होतो. त्याने "नाव तर सांग" असे म्हटले तरी लगेच सांगू नये. आधी, "तुला झेपेल की नाही, कल्पना नाही," असे म्हणून थोडा वेळ झाडाकडे पाहावे.

नावाची निवड हा यापुढचा भाग, आणि इथे लांबी फार उपयोगी पडते. बेला तार या हंगेरियन दिग्दर्शकाचा ‘शातानटांगो’ हा १९९४ चा कृष्णधवल चित्रपट सात तासांहून अधिक चालतो. नागपूरहून निघून समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर कापत मुंबईच्या वेशीपर्यंत जायला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि महामार्गावर निदान चहाला उतरता येते. चित्रपटाच्या आरंभीच गायींचा एक कळप गोठ्याबाहेर पडून गावातून हिंडत जातो आणि कॅमेरा कितीतरी मिनिटे, एकदाही न तुटता, त्या गायींसोबत चालत राहतो. पावसाळ्यात रिंग रोडवर हेच दृश्य आपण दुचाकीवर बसून रोज फुकट पाहतो, ही शंका समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटण्याआधीच "त्या गायी बघ फक्त" असे म्हणून डोळे मिटावेत. हा चित्रपट तो पाहणार नाही याची आपल्याला खात्री असते आणि त्यालाही असते, त्यामुळे दोघांच्या मैत्रीला कसलाही धोका पोचत नाही.

लहान चित्रपट सुचवू नयेत असा मात्र याचा अर्थ नव्हे. अकिरा कुरोसावांचा १९५० चा ‘राशोमोन’ अवघ्या ८८ मिनिटांचा आहे आणि एकाच घटनेच्या चार परस्परविरोधी हकिकती त्यात आहेत. पण त्याची शिफारस करणारा कसलेला माणूस सहज दोन तास बोलतो. चित्रपटाला १९५१ साली व्हेनिसमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला, इथपासून सुरुवात करून, ठेलेवाला नऊ प्लेटांचे पैसे मागतो आणि आपण सातच खाल्ल्या असे आपल्याला आठवते, तेव्हा हाही ‘राशोमोन’च कसा आहे, इथपर्यंत यावे. एवढ्या वेळात चित्रपट पाहूनच झाला असता असे एखादा तोंडाळ मित्र म्हणेल. त्याला पुढच्या वेळी बोलावू नये.

चित्रपट न पाहता मत द्यायची पाळी आली तर गडबडून जाण्याचे कारण नाही, कारण त्यासाठी "फर्स्ट हाफ भारी आहे, सेकंड हाफमध्ये थोडा खेचलाय" हे वाक्य आपल्या पूर्वसूरींनी तयार करून ठेवलेले आहे. गेल्या कित्येक वर्षांत हे वाक्य खोटे ठरलेले मी पाहिले नाही. याचे कारण असे की मध्यंतरात समोसा खाल्ल्यावर आणि पुढे दीड तास एकाच कुशीवर बसल्यावर जगातला कोणताही चित्रपट थोडा खेचलेलाच वाटतो. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, या वाक्यातही बदल करावा लागतो. त्या दिवसांत नागपुरात दुपारच्या खेळाची प्रतवारी कथा, पटकथा, अभिनय या क्रमाने कुणी करत नाही. पडद्यावर काय चालले होते हे दुय्यम असून, एसी कुठल्या रांगेपर्यंत पोचत होता हे मुख्य असते. घरचा कूलर दमट हवा फेकत असताना तीन तास गारव्यात झोपून आलेला माणूस बाहेर पडताना "पैसा वसूल" म्हणतो, ते शब्दशः खरे असते, आणि अशा प्रामाणिक समीक्षेला तोड नाही, असे माझे मत आहे.

चित्रपटाचा आपल्या गावाशी संबंध असेल तर काम आणखी सोपे होते. ‘झुंड’ २०२२ साली प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण नागपुरात झाले आणि झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणारे इथले विजय बारसे यांच्या कामावर अमिताभ बच्चन यांची भूमिका बेतलेली होती. आता एखादा नवखा माणूस त्या मुलांबद्दल बोलू लागेल, मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये उभ्या असलेल्या भिंतीबद्दल बोलू लागेल. आपण भिंतीपर्यंत यावे आणि तिथेच थांबावे. "ती भिंत दिसून राहिली ना, तिच्या मागंच आमच्या साडूचं घर आहे," एवढे सांगितले की शिफारस पूर्ण झाली. मला हे आजवर अकरा जणांनी सांगितले आहे, आणि एका भिंतीमागे अकरा साडूंची घरे कशी मावली असतील याचा विचार मी अधूनमधून करत असतो.

मराठी चित्रपट सुचवताना आवाज जड करावा, कारण इथे आपण करमणूक सुचवत नसून कर्तव्य सुचवत असतो. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली पहिल्यांदा दिले गेले तेव्हा ते ‘श्यामची आई’ला मिळाले, आणि त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे २००४ साल उजाडेपर्यंत, थांबावे लागले, हा तपशील पाठ करून ठेवावा. तो सांगून झाल्यावर "आपणच नाही पाहिले तर कोण पाहणार?" असा प्रश्न करावा. एखाद्याने उलट "तू कधी गेलास?" असे विचारल्यास, आपल्या भागात त्याचा एकच खेळ होता, तोही सकाळी साडेनऊचा, असे सांगावे. हे पुष्कळदा खरेच असते, आणि ते खरे असल्याचा आपल्याला मनातून किती आनंद झाला होता, हे सांगण्याची काही आवश्यकता नाही.

ज्याची स्तुती सगळे जग करते त्याची स्तुती आपण करून काहीच मिळत नाही. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा पहिल्या आठवड्यांत त्याला नावे ठेवणारे पुष्कळ निघाले होते. ते सगळे पुढे चुकीचे ठरले खरे, तरी आपली आठवण ठेवायला त्यांनी आपल्याला भाग पाडलेच.

शेवट मात्र कधीही फोडू नये. "मी शेवट सांगत नाही, पण मेला असं वाटते ना, त्याच्यावर लक्ष ठेव," एवढेच म्हणावे.

कुणी आपल्यालाच चित्रपट सुचवू लागला तर काय करावे, असे आपण विचाराल. खिशातून मोबाइल काढावा, "थांब, लिस्टमध्ये टाकतो" असे म्हणावे आणि टाकावेही. माझ्या यादीत आज दोनशे चौदा नावे आहेत. रविवारी रात्री जेवण झाल्यावर मी ती यादी वरून खाली आणि खालून वर अशी पाऊण तास वाचतो, आणि मग आधी सतरा वेळा पाहिलेला एक विनोदी चित्रपट लावून त्याच्यासमोर झोपी जातो.

एक संकट मात्र असे आहे की त्यावर मला अद्याप खात्रीचा उपाय सापडलेला नाही, आणि ते म्हणजे आपण सुचवलेला चित्रपट समोरच्याने खरोखर पाहणे. तो रविवारी रात्री बायको, आई आणि सासू यांना घेऊन बसलेला असतो आणि सोमवारी सकाळी ठेल्यापाशी आपली वाट पाहत उभा असतो. त्याला चित्रपट आवडला नसेल तर निभावून नेता येते. "मोबाइलवर पाहिला असशील, तो मोठ्या पडद्याचा आहे," किंवा "दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय उलगडत नाही," असे काहीही चालते. पण कधी कधी त्याला तो आवडलेला असतो. मग तो आपल्याला एकेक प्रसंग सांगू लागतो, आपण विसरून गेलेले, कदाचित पाहता पाहता मोबाइलकडे वळल्यामुळे कधी न पाहिलेलेही. "भाऊ, ते चपलांचं दाखवलं ना, तिथं आई उठून आत गेली. अर्धा तास बाहेरच नाही आली," असे तो म्हणतो, आणि आपल्याला कसल्या चपला ते आठवत नाही.

अशा वेळी काही बोलू नये. पोह्यांचे पैसे आपण द्यावेत. त्याने दुसऱ्यांदा तर्री मागितली तर मागू द्यावी, तिचे पैसे तसेही कुणी घेत नाही.