उन्हाला घरात घेताना

बडोद्यात ऊन ही पैसे मोजून घरात आणायची वस्तू आहे, असे मला वयाच्या 62 व्या वर्षापर्यंत कोणी सांगितले नव्हते. ऊन आत येऊ नये म्हणून वडिलांनी छज्जे रुंद ठेवले, मी पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले आणि दुपारी बारानंतर दार उघडणाऱ्याशी संध्याकाळपर्यंत न बोलण्याचा नेम सौभाग्यवतींनी धरला. पुढे आमची कन्या लेस्टरला राहायला गेली, तिने घरामागे कन्झर्व्हेटरी नावाची काचेची खोली बांधली आणि तिच्यात शाल पांघरून चहा पीत असल्याचा फोटो पाठवला. "अहो, आपल्याकडे का नाही असे काही?" एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या, आणि मी टेप शोधायला उठलो.

तिकडचे नियम कन्येने फोनवर समजावले. इंग्लंडमध्ये स्वतंत्र घर असेल तर मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून चार मीटर, जोडघर असेल तर तीन मीटरपर्यंतची एकमजली वाढ बहुधा वेगळ्या अर्जावाचून करता येते. तळमजल्यावरची काचेची खोली 30 चौरस मीटरच्या आत असेल, तिच्या आणि घराच्या मध्ये बाहेरच्यासारखे भक्कम दार कायम असेल आणि घरातले हीटिंग तिच्यात ओढलेले नसेल, तर बांधकामाच्या बहुतेक तपासण्यांतूनही ती सुटते. "म्हणजे बाबा, घराच्या हीटिंगने ती खोली गरम करायची नाही, एवढी अट पाळायची," ती म्हणाली. खोली गरम होऊ न देण्याची अट बडोद्यात कोणाला पाळता येईल, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे सोसायटीतल्या घराच्या, मागे आठ फुटांची मोकळी जागा आहे. तेथे खोली काढण्याचा माझा बेत ऐकून आर्किटेक्टने नकाशावर बोट ठेवले आणि ती जागा मार्जिनची, म्हणजे नियमाने घराभोवती सोडायची, असून ती उघडीच राहिली पाहिजे, असे सांगितले. काचेतून आरपार आकाश दिसते, तेव्हा जागा उघडीच राहिली, असा युक्तिवाद मी केला, त्यावर तो तरुण शांतपणे म्हणाला, "काका, छत एटले छत." छत म्हणजे छत. शेजाऱ्यांचा सल्ला आधी बांधा आणि मग इम्पॅक्ट फी, म्हणजे विनापरवाना बांधकाम नियमित करून घेण्याचे शुल्क, भरा, असा होता, परंतु तो कायदा 2022 चा, आणि तोही आधीच होऊन गेलेल्या बांधकामांना पावन करण्यासाठी. पुढे होणाऱ्या पापांची आगाऊ वसुली त्यात नव्हती. अखेर एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढे बांधायला परवानगी असते तो हिशेब, थोडा शिल्लक असल्याचे निघाले, पोर्चवरच्या गच्चीत दहा फूट बाय बारा फुटांची खोली ठरली, नकाशा दाखल झाला आणि यथाकाल रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाचा परवाना, हातात पडली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र दोन पानी पत्र लिहून इमारतीच्या शोभेस बाधा येत असल्याबद्दल तीव्र नापसंती कळवली.

आता काच. डोक्यावरच्या छपराला लॅमिनेटेड काच लागते, कारण ती फुटली तरी दोन थरांमधल्या चिकट पडद्याला धरून राहते, अंगावर कोसळत नाही. बारा मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला 30 किलो भरते, म्हणजे माझ्या निवांत चहाच्या डोक्यावर सव्वातीनशे किलोंहून अधिक ओझे राहणार होते. पोर्चचा स्लॅब ते पेलेल की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेपर्यंत सौभाग्यवतींनी स्कूटर पोर्चमधून काढून रस्त्यावर उभी केली. भिंतींसाठी टफन केलेल्या काचा ठरल्या. ही काच भट्टीतून एकदा बाहेर आली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. तसा प्रयत्न केलाच तर सगळ्या काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे हाती येतात. म्हणून माप नेमके हवे, आणि ते मी स्वतः, चष्मा पुसून, दोनदा घेतले. नंतर कडियाने, म्हणजे गवंड्याने, भिंतीला प्लास्टर केले. प्लास्टरला जाडी असते ही गोष्ट मला सैद्धांतिक पातळीवर ठाऊक होती. काचा आल्या तेव्हा कारागिराने पहिली उचलली, चौकटीशी धरली, पुन्हा खाली ठेवली आणि अंगठा व तर्जनी यांत चिमटीएवढे अंतर दाखवून म्हणाला, "चार सूत." अर्धा इंच! भिंतीचे प्लास्टर तासून काढावे लागले, आणि त्या दोन दिवसांत घरात माझ्याशी कोणी वादसुद्धा घातला नाही, इतकी माझी किंमत घसरली.

एप्रिलमध्ये आम्ही त्या खोलीत एकदाच चहा घेतला, सकाळी साडेसहाला. कर्कवृत्त बडोद्याच्या उत्तरेकडून जाते, त्यामुळे जूनच्या आरंभी माध्यान्हीचा सूर्य आमच्या अगदी माथ्यावर येतो. लेस्टरच्या माथ्यावर तो कधीच येत नाही. काच उजेडाला आत सोडते आणि तापलेल्या फरशीतून निघणारी उष्णता अडवून धरते. बाहेर 42 अंश असताना आतला थर्मामीटर, जो 50 पर्यंतचाच होता, वरच्या टोकाला टेकून राहिला. मी आतून पडदे लावले, पडदे तापले. मग वरून हिरवी जाळी ताणली, आणि काचेच्या खोलीची रोपवाटिका झाली. "लक्ष्मीविलास राजवाड्यात दरबार हॉलच्या खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच आहे," सौभाग्यवती म्हणाल्या, "पण महाराजांनी दरबार उन्हात भरवला नाही."

त्याच वर्षी मे महिन्यात सौभाग्यवतींनी जाळी काढायला लावली आणि राजापुरी कैऱ्यांचा कीस, साखर, मीठ घातलेले पातेले वर मलमल बांधून आत नेऊन ठेवले. गच्चीत आठ-दहा दिवस घेणारा छुंदा चौथ्या दिवशी पाकाला आला, आणि त्यात एकही मुंगी नव्हती, वादळाची धूळ नव्हती, माकडाचा हात नव्हता. बातमी सोसायटीभर झाली. कुरडया आल्या, सांडगे आले, पाटावर घातलेल्या शेवया आल्या. काल सकाळी एक मोठे पितळी पातेले आले. मलमलीखाली काठावर नाव कोरलेले होते, ते मी चष्मा पुसून दोनदा वाचले. ते सेक्रेटरींच्या आईचे होते.